‘देणे’ म्हणजे सोडणे?

आमच्या शेंदूरजनाघाटात बहार धरण्यासाठी संत्र्याच्या झाडांना ‘ताण देतात’, म्हणजे पाणी बंद करतात. नि मग ‘ताण तोडतात’, म्हणजे पाणी सोडतात. बागेत वाढलेल्या पोराला हे अर्थ शब्दकोशात पाहावे लागत नाहीत. तेच पोरगं इंग्रजीतल्या ‘गिव्ह अप’पाशी अडतं. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. मग अर्थ ‘सोडून देणे’ कसा?

पण आपल्या ‘सोडून देणे’त तरी कोण कोणाला काय देतं? माझ्या घरच्या उर्दूतलं ‘छोड देना’ही तसंच. ‘पुट’ म्हणजे ठेवणे. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. शब्द सुटे केले की अर्थ हातचा जातो. म्हणून जोडी अख्खी घ्यावी, ती कोणत्या प्रसंगी येते ते पाहावं नि तिचं स्वतःचं एक वाक्य करावं.

राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. तरी अशा जोड्यांपाशी कित्येक मुलं हिंमत हरतात. त्यांच्या हाती पाठांतराची यादी देण्याआधी बागेतल्या ‘ताणा’ची आठवण करून द्या. ही रीत त्यांना आधीच येते.