चाळण कशी निवडावी?

जोंधळ्याचें पीठ चाळावयाचें असलें म्हणजे आपली आई एक चाळण घेते, रवा चाळावयाचा असला म्हणजे दुसरी घेते, आणि धान्यांतील खडे-माती काढावयाची असली म्हणजे तिसरीच. एकाच चाळणीनें हीं तिन्ही कामें कां होऊं नयेत, हा प्रश्न आपणांपैकीं किती जणांच्या मनांत आला असेल बरें? जी गोष्ट स्वयंपाकघरांत, तीच खडीच्या कारखान्यांत. भेद इतकाच कीं, तेथें चाळण चुकली तर भाकरी नव्हे, माणसांच्या डोक्यावरील छप्पर बिघडतें.

सह्याद्रीचा काळा पाषाण यंत्रांत फोडला म्हणजे मोठे तुकडे, लहान खडी, कच आणि धूळ हीं सर्व एकत्रच बाहेर पडतात. काँक्रीटास मात्र ठराविक मापाची खडी लागते. भारतीय मानक 383 प्रमाणें 4.75 मि.मी. ची चाळण ही जाड खडी व बारीक वाळू यांमधील सीमा होय. खडींत धूळ अधिक राहिली तर ती पाणी अधिक मागते. पाणी वाढलें कीं काँक्रीट दुबळें होतें. शिवाय धुळीनें माखलेल्या खडीस सिमेंट घट्ट धरीत नाहीं.

कारखान्यांतील चाळण म्हणजे उतरती बसविलेली एक चौकट. ती यंत्रानें एकसारखी थरथरते व तिच्यावर जाळी ताणलेली असते. ही जाळी निवडतांना चार गोष्टी पहाव्या लागतात.

पहिली गोष्ट छिद्राचें माप. चौकट 20 अंशांनीं कललेली असेल, तर वरून पडणाऱ्या दगडास 20 मि.मी. चें छिद्र उताराच्या दिशेनें सुमारें 19 मि.मी. चेंच भासतें. म्हणून जें माप हवें, त्याहून छिद्र किंचित् मोठें ठेवावें लागतें.

दुसरी गोष्ट मोकळी जागा. छिद्र 10 मि.मी. व तार 2.5 मि.मी. जाड असल्यास जाळीची 64 टक्के जागा मोकळी रहाते. तीच तार 5 मि.मी. केली, तर मोकळी जागा 44 टक्क्यांवर येते. बारीक तारेंतून माल झपाट्यानें गळतो, पण ती लवकर झिजते; जाड तार टिकते, पण काम मंदावतें. विद्यार्थी मित्रांनीं हा हिशेब स्वतः करून पहावा. वर्गांत शिकलेला वर्ग येथें उपयोगीं पडतो.

तिसरी गोष्ट छिद्राचा आकार. चौकोनी छिद्राचा कर्ण बाजूपेक्षां मोठा असल्यामुळें चपटा दगड त्यांतून तिरपा निसटतो. तेवढ्याच मापाच्या गोल छिद्रांतून तो निसटत नाहीं. छिद्राएवढेच तुकडे मधोमध अडकून बसूं नयेत, म्हणून जाड जाळीचें छिद्र खालच्या बाजूस रुंद ठेवितात. पावसाळ्यांत ओली धूळ चिकटून छिद्रें बुजतात. तेथें थरथरणाऱ्या सुट्या तारांची किंवा लवचिक जाळी बरी.

चौथी गोष्ट द्रव्य. पोलादी तारेची विणलेली जाळी स्वस्त व मोकळी असते. भोकें पाडलेला जाड पत्रा मोठ्या दगडांस उपयोगी. रबर उंचावरून पडणाऱ्या दगडांचा मार सोसतें आणि आवाजही कमी करितें. तेथें दिवसभर उभ्या राहणाऱ्या मजुराच्या कानांस हा लाभ लहान नव्हे. पॉलियुरेथेन हें जर्मनींत ओटो बायर यांनीं 1937 सालीं शोधिलेलें द्रव्य. तें घर्षणास फार टिकतें, विशेषतः पाणी घालून चाळतांना. त्याचे लहान तुकडे बसविले असल्यास झिजलेला तेवढाच बदलतां येतो. मात्र जाडीमुळें मोकळी जागा कमी पडते व प्रथम खर्चही अधिक येतो.

म्हणून सर्वांत उत्तम जाळी अशी कोणतीच नाहीं; दगड कोणता, ओला कीं कोरडा, किती मोठा व किती माल, हें पाहूनच निवड करावी. केवळ किंमत पाहून घेतलेली जाळी एके ठिकाणीं फाटली व कोणाच्या लक्षांत आली नाहीं, तर मोठे दगड मिसळून सबंध ढीग वायां जातो. यास्तव शहाणा कारागीर रोज काम सुरू करण्यापूर्वीं, यंत्र बंद असतांना, जाळी तपासतो.

भिंत उभी राहिल्यावर चाळण कोणासच दिसत नाहीं. परंतु तिनें काय राखिलें आणि काय गाळिलें, यावर ती भिंत उभी असते. आपल्या नित्याच्या लहान कामांचेंही असेंच आहे.