रंग टेपखालून नव्हे, लाकडातून फुटतो

लाकडी पाटीवरच्या कोरीव अक्षरात रंग भरला, टेप सोलून काढला आणि अक्षराच्या कडेला रंगाचे केस फुटलेले दिसले, की निकाल ठरलेला असतो: "टेप हलका निघाला. पुढच्या वेळी भारीतला आणू." गिऱ्हाईक हेच म्हणतं, पाटी करून देणाराही हेच म्हणतो आणि पुढची पाटी महाग टेप लावूनही तशीच फुटते. पनवेलमध्ये हे इतक्यांदा कानावर आलं आहे की आता ते नीट खोडून काढायलाच हवं. अशा बहुतेक पाट्यांमध्ये टेपचा काही दोष नसतो. रंग लाकडाच्या आतून गेलेला असतो.

विषय बारीक वाटेल, पण इथे पाट्यांना मागणी मोठी आहे. १ ऑक्टोबर २०१६ला पनवेल महानगरपालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली तिच्यात आले. तिथल्या नव्या घरांच्या दारावर नावाची पाटी लागतेच. दुकानांच्या मराठी पाट्यांबाबत २०२२मध्ये कायदा कडक झाला आणि सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हापासून देवनागरी अक्षरं कोरून घेणारेही वाढले. सीएनसी मशीन अक्षर कोरतं काही मिनिटांत. पाटी वाया जाते ती नंतरच्या रंगात.

आता लाकूड काय आहे ते पाहू. झाड उभं असताना मुळांकडचं पाणी ज्या सूक्ष्म नळ्यांतून वर चढतं, त्या नळ्या फळीत तशाच राहतात. त्या फळीच्या लांबीच्या दिशेने जातात; तीच लाकडाची रेषा. रेषेला समांतर कापलं तर नळ्यांच्या फक्त बाजू उघड्या पडतात. रेषेला आडवं कापलं तर त्यांची तोंडंच उघडतात, आणि उघड्या तोंडावर पातळ रंग ठेवला की तो आपोआप आत ओढला जातो. शंका असेल त्यांच्यासाठी: अमेरिकेच्या कृषी खात्याने लाकूड वाळवणाऱ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत, ओल रेषेच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा १० ते १५ पट वेगाने सरकते असं दिलं आहे. नळीतून ओढल्या जाणाऱ्या द्रवाच्या बाबतीत तर हा फरक याहून कितीतरी मोठा.

पुरावा पाटीवरच असतो, फक्त वाकून पाहायला हवं. समजा आडव्या सागवानी फळीवर 'माउली' कोरलं आहे. शिरोरेषा फळीच्या रेषेबरोबर धावते, म्हणून तिची वरची आणि खालची कड स्वच्छ राहते. केस दिसतात ते तिच्या दोन टोकांना. 'मा'चा काना, 'ल'चा दंड, 'ली'ची वेलांटी जिथे सरळ खाली उतरते ती रेघ, हे सगळं रेषेला आडवं कापलेलं. त्यांच्या दोन्ही भिंतींत नळ्यांची तोंडं उघडी असतात, आणि केस दोन्ही बाजूंना फुटतात, तेही फक्त डावी-उजवीकडे. 'उ'च्या गोलाईवर तर जिथे वळण उभं होतं तिथेच रंग फुटतो आणि आडवं झालं की थांबतो. टेप खराब असता तर रंग चारी बाजूंनी सारखा पसरला असता. टेपला फळीची रेषा कुठून कळणार?

टेपचा दोष खरोखर असतो तेव्हा तो वेगळा दिसतो. 'ठ', 'ळ', 'छ' या अक्षरांच्या पोटातल्या टेपच्या इवल्या चकत्या मशीनच्या पात्याने उचलल्या जातात आणि तिथे रंगाचा सलग डाग पडतो. तिथे चांगल्या चिकटीची विनाइल शीट हवीच. पण डाग वेगळा, केस वेगळे.

यावर सर्वांत जास्त चीड आणणारं उत्तर मिळतं: "सीलर मारलाय की!" कधी मारला? कोरण्याआधी. म्हणजे नळ्यांची तोंडं बुजवणारा तो थर फक्त फळीच्या माथ्यावर बसला. त्यानंतर पात्याने चार-पाच मिलिमीटर खोल जाऊन हजारो नळ्या नव्याने उघडल्या, आणि नेमक्या त्या भिंती कोऱ्या राहिल्या. कोरण्याआधीचा सीलर माथ्याला उपयोगी आहे, टेप त्यावर घट्ट बसतो, तो जरूर मारा. पण रंग थांबवणारा सीलर कोरल्यानंतरचा.

क्रम असा हवा. माथ्याला हवा तो स्टेन आणि पॉलिशचे हात आधी पूर्ण करून वाळू द्या. मग टेपची शीट चिकटवा, कोरा, आणि खाचेतला भुसा मऊ ब्रशने पूर्ण झाडा. आता शीट न काढता खाचेत सँडिंग सीलरचे किंवा चपड्याच्या स्पिरिट पॉलिशचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळवून. हा सीलरही टेपच्या कडेने आणि नळ्यांतून थोडा आत जाईल. जाऊ द्या, तो पारदर्शक आहे, आणि जिथून रंग जाणार होता त्या वाटा तोच बुजवून टाकतो. त्यानंतर रंग. माथा आधी रंगवून घ्यायला सांगतो तेही यासाठीच: कोऱ्या माथ्यावर सीलर झिरपला तर पुढे स्टेन तिथे नीट चढत नाही आणि अक्षराभोवती फिकट कड दिसते. त्याच लाकडाच्या तुकड्यावर एक काना कोरून आधी करून बघा, सगळं कळतं.

रंग फुटल्यावर "घासून काढू" हाही त्याच गैरसमजाचा भाग. केस पृष्ठभागावर नाहीत, नळीत आहेत. घासत जाल तसे ते दिसतच राहतात. शिवाय अक्षर बिघडतं. ९० अंशांच्या व्ही बिटने कोरलेली खाच खाली निमुळती असते, त्यामुळे माथा एक मिलिमीटर घासला की प्रत्येक रेघ दोन मिलिमीटरने बारीक होते. ठसठशीत अक्षर काडीसारखं होतं आणि अनुस्वाराचं टिंब कधी कधी जातंच. टेप न लावता रंग भरून वरचा रंग घासून काढायची पद्धत चांगली आहे, पण तीही खाच आधी सील केली असेल तरच.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"सागवान तेलकट, त्याला सीलर लागत नाही." त्याच्या गाभ्यातल्या काही नळ्या बुजलेल्या असतात, सगळ्या नाहीत. तेलकटपणामुळे रंग धरायला मात्र त्रास होतो, म्हणून आधी थिनरचा बोळा फिरवावा.

"रंग दगडासारखा वाळल्यावरच टेप काढायचा." तोवर रंगाचा पापुद्रा टेप आणि खाच दोन्हींवर सलग झालेला असतो आणि कडेला टवके उडतात. रंग थिजला पण कडक झाला नाही, तेव्हाच टेप मागे दुमडून हळू ओढावा.

"स्प्रे केला की फुटत नाही." एका जागी धरून ओला हात दिला की तोही फुटतो. हलके हात द्यावेत.

"एमडीएफला नळ्याच नाहीत, म्हणजे प्रश्नच नाही." कोरल्यावर त्याचं आतलं भुसभुशीत अंग उघडं पडतं आणि ते सागवानाहून जास्त पितं. बाहेरच्या भिंतीवर एमडीएफची पाटी लावूच नये. कोकणच्या पावसात ती फुगते.

"पांढऱ्या गोंदाचं पाणी फिरवलं की झालं." घरातल्या पाटीला चालेल. ओल लागली की तो साधा गोंद मऊ पडतो.

पावसाळ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण "सीलर मारला आणि पांढरा पडला, म्हणून सोडून दिला" असं जून ते सप्टेंबर हमखास ऐकू येतं. दमट हवेत स्पिरिट किंवा थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर दुधाळ होतो. दोष हवेचा आहे, मालाचा नाही. कोरड्या दिवशी, दुपारी काम करावं. पावसाळ्यात लाकूडही ओलं असतं: हवेतली आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडात सुमारे १२ टक्के ओल राहते, ९० टक्के आर्द्रतेत ती २०च्या आसपास जाते. अशा फळीवर रंगवलेली पाटी दिवाळीनंतर आकसते आणि रंगाला खाचेत भेगा पडतात. इंग्रजी अमदानीतल्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये पनवेलची नोंद बैलगाडीच्या चाकांसाठी आहे. मुंबईपासून देशापर्यंतचे गाडीवान चाकं इथून घेत. ज्या गावाने लाकडाचं इतकं काटेकोर काम केलं, तिथे ओल्या फळीवर घाईने रंग मारला जावा याचं वाईट वाटतं.

पाटी करायला देणार असाल तर महाग टेपचे पैसे कबूल करण्याआधी कारागिराला एवढंच विचारा: "कोरल्यानंतर खाचेत सीलर मारणार ना? किती हात?" उत्तर "दोन-तीन" आलं तर निर्धास्तपणे काम द्या. "गरज नाही" आलं तर फळी परत घरी घेऊन या.