धडधड छातीत, कारण गळ्यात?

छातीत धडधडलं की लालबाग-परळचा माणूस आधी ईसीजी काढतो. बरोबरच आहे, पण सोबत टीएसएचची रक्ततपासणीही करून घ्या. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जास्त हार्मोन सोडू लागली, तर बसल्या जागीही नाडी १००च्या वर जाऊ शकते. हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरू लागतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. तिथे रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली, तर पक्षाघाताचा धोका. उतारवयात कधीकधी एवढंच लक्षण दिसतं. उलट हार्मोन कमी पडलं तर नाडी मंदावते.

परळला १९६३ मध्ये सुरू झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये थायरॉईडवर किरणोत्सारी आयोडीनचे उपचार होतात. थायरॉईड आटोक्यात आला की अनेकांचे ठोके पुन्हा नियमित होतात. थायरॉक्सिनची गोळी मात्र मनाने वाढवू नका. जादा डोसनेही ठोके बिघडतात.