मटण एक, अर्थ दोन! बोकड, मेंढी अन् ‘लॅम्ब’मधला फरक काय? बाहेर जेवताना हे ठेवा ध्यानात

अमरावती/अकोला : गावातलं पोरगं पुणे-हैदराबादला नोकरीला लागते, कोणाची लेक जावयासोबत इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला जाते, कोणी आखातात गाडी चालवायला जातो. घरून फोन गेला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘जेवणाचं कसं हाये बाबू तिकडे?’ अन् उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं, ‘मटण भेटते, पण आपल्यासारखं नाही लागत.’

ते आपल्यासारखं का लागत नाही, याला मसाला हे एकच कारण नाही. तिकडे ज्याला मटण किंवा ‘लॅम्ब’ म्हणतात तो प्राणीच वेगळा आहे. शिजवायची पद्धत वेगळी, सोबत बसायची रीत वेगळी अन् बिल द्यायचा रिवाजही वेगळा. हायवेवर ढाबे वाढले, तालुक्याच्या गावात ‘फॅमिली रेस्टॉरंट’ आले, तशा या गोष्टी आता गावातल्या माणसालाही लागायला लागल्या आहेत. माहीत नसलं की कधी खिशाला चाट बसते, कधी चारचौघांत खाली पाहावं लागते.

नेमका फरक काय?

‘मटन’ हा इंग्रजी शब्द फ्रेंच भाषेतून आला. तिथं ‘मूतों’ म्हणजे मेंढी. त्यामुळे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये मटन म्हणजे मेंढीचंच मांस. त्यातही वयावरून भाग पडतात. साधारण वर्षाच्या आतलं, अजून पक्के दात न आलेलं कोकरू असेल तर ते ‘लॅम्ब’. मेंढी मोठी झाली की ते ‘मटन’. आपण बैल-बोकड घेताना ‘दोन दाती, चार दाती’ पाहतो, तसाच हा दातांचा हिशेब आहे.

त्या देशांत आता मोठ्या मेंढीचं मटन फारसं खाल्लं जात नाही. दुकानात अन् हॉटेलात दिसते ते बहुतेक लॅम्बच. बोकडाच्या मांसाला तिकडे ‘गोट’ असं वेगळं नाव आहे अन् ते साध्या दुकानात सहसा नसते. हलाल दुकानात, आफ्रिकी किंवा कॅरिबियन लोकांच्या वस्तीत ते मिळते. म्हणून परदेशात गेलेल्या पोराला आपल्यासारखं मटण पाहिजे असेल तर त्यानं ‘मटन’ न मागता ‘गोट’ मागायला पाहिजे.

आपल्या देशात शब्द मेंढीचा राहिला, पण ताटात बोकड आला. भारतात बोकड अन् मेंढी, दोन्हीच्या मांसाला मटणच म्हणतात. मोठ्या हॉटेलच्या मेनूवर कुठं ‘लॅम्ब’ लिहिलेलं असते, कुठं ‘मटन’. नुसत्या नावावरून ताटात काय येणार हे कळत नाही, ते विचारूनच घ्यावं लागते.

वऱ्हाडात बोकडच का?

२०१९ च्या २० व्या पशुगणनेनुसार देशात शेळ्या सुमारे १४ कोटी ८९ लाख, तर मेंढ्या सुमारे ७ कोटी ४३ लाख. महाराष्ट्रात शेळ्या एक कोटीच्या वर अन् मेंढ्या २७ लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या राज्यात एका मेंढीमागे जवळपास चार शेळ्या.

कारण साधं आहे. मेंढी कळपानं राहते, तिला मोकळं कुरण लागते अन् मेंढपाळ तिच्यामागे गावोगाव फिरतो. वऱ्हाडात कापूस, तूर, सोयाबीनची वावरं. पिकं निघाली की धनगर बांधवांचे कळप येतात, शेतकरी खतासाठी वावरात मेंढ्या बसवतो अन् पेरणीच्या आत कळप पुढे सरकतात. शेळी मात्र दारात बांधता येते. बाभळीचा पाला, बोरीचा पाला, धुऱ्यावरचा चारा तिला पुरतो. भूमिहीन मजूर अन् एकट्या बाया दोन-चार शेळ्या पाळून घर चालवतात. पोराची फी, दवाखाना, बियाण्याची नड निघाली की बोकड विकून भागवतात. विदर्भातल्या ‘बेरारी’ शेळीची तर राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे.

काश्मीरमध्ये याच्या उलट आहे. थंड मुलूख, उंचावरची कुरणं, म्हणून तिथं मेंढीच जास्त खाल्ली जाते. आपल्याकडच्या हॉटेलात मिळणारा ‘रोगन जोश’ मूळचा तिकडचा.

ओळखायचं कसं?

बोकडाचं मांस कमी चरबीचं असते अन् शिजायला वेळ घेते. मेंढीच्या मांसावर पांढऱ्या चरबीचा जाड थर असतो अन् त्या चरबीला स्वतःचा वेगळा वास असतो. तोच वास आपल्या माणसाला खटकतो. कोकराचं मांस कोवळं असल्यानं लवकर शिजते. शेपटीवरूनही ओळख पटते. बोकडाची शेपटी आखूड अन् वर वळलेली, मेंढीची खाली लोंबती. घेताना शंका वाटली तर खाटकाला सरळ विचारावं. मेंढीचं मांस खराब नसते, पण बोकडाचे पैसे घेऊन मेंढी देणं ही फसवणूक आहे.

परदेशात राहणाऱ्या पोरांनी लॅम्ब आपल्या मसाल्यात करताना तेल हात आखडून घालावं. चरबी सुटून रस्सा आधीच तेलकट होते.

आपली रीत : वाटे, कर अन् तीन दगडांची चूल

वऱ्हाडात मटण खायचे दिवस ठरलेले. सोमवार महादेवाचा, गुरुवार गजानन महाराजांचा, शनिवार मारुतीचा, त्यात एकादशी अन् श्रावण. उरते तो रविवार, बुधवार, नाहीतर पोळ्याची अन् होळीची कर. आषाढात आखाडी असते, नवसाची कंदुरी असते. बकरी ईदला अचलपूर, बाळापूर, अकोटच्या मोहल्ल्यांत कुर्बानीच्या मांसाचे तीन भाग होतात. एक घरचा, एक नातेवाइकांचा अन् एक गरिबांचा.

गावात करीच्या दिवशी दहा-पंधरा घरं मिळून बोकड घेतात अन् सारखे वाटे टाकतात. प्रत्येक वाट्यात थोडी कलेजी, थोडी हड्डी, थोडं मांस आलंच पाहिजे, असा दंडक असतो. घरात माळकरी म्हातारी असली किंवा महानुभाव पंथाचं घर असलं तर घरच्या चुलीवर मटण चढत नाही. अंगणात नाहीतर वावरात तीन दगडांची चूल मांडतात, गंज वेगळा, पळी वेगळी.

या रीतीची एक दुसरी बाजू आहे. वावरातली पार्टी ही बहुतेक पुरुषांची. मसाला वाटायला अन् भाकरी थापायला घरची बाई, पण पंगतीत ती नाही. घरी केलं तरी आधी पाहुणे, मग पुरुष, मग लेकरं. तिच्या वाटेला येता येता गंजात तर्री अन् दोन हड्ड्या उरतात. शेळी पाळणारी बहुतेक वेळा तीच असते, हेही लक्षात घेण्यासारखं आहे.

जेवणावळीपायी कर्ज काढणं हाही जुना प्रश्न. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ ला जन्मलेल्या गाडगेबाबांनी लेकीच्या बारशाला मटण-दारूची चाल मोडली अन् गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद नाराज झाले, पण ते हटले नाहीत. देवाच्या नावानं होणाऱ्या पशुहत्येविरुद्ध अन् कर्ज काढून सण करण्याविरुद्ध ते पुढे आयुष्यभर कीर्तनातून बोलत राहिले.

खानावळ ते ढाबा

आपल्याकडे पूर्वी ‘हॉटेल’ म्हणजे चहा-भज्याचं. मटण मिळायचं ते खानावळीत अन् तिथं जायचे पुरुषच. सावजी जेवण हे मूळचं नागपूरच्या हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरचं. विणकरी बसत गेली तशा अनेक घरांनी खानावळी टाकल्या अन् ती चव अमरावती-अकोल्यापर्यंत पोचली. आता ढाब्यांवर ‘फॅमिली’साठी वेगळी जागा आली. त्यामुळे नवरा-बायको, सासू-सून, लेकरं एका टेबलावर बसून एकाच वेळी गरम जेवतात. पंगतीत जे जमलं नाही ते टेबलावर जमलं.

बाहेर जेवण्याचा आणखी एक हक्क आहे अन् तो सहज मिळालेला नाही. एकेकाळी जात पाहून कप वेगळा अन् बसायची जागा वेगळी असायची. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून तिथं कोणालाही मज्जाव करता येत नाही.

बाहेरच्या देशात कसं खातात?

ब्रिटनमध्ये रविवारी दुपारी घरातली सगळी मंडळी भट्टीत भाजलेलं मांस खायला एकत्र बसतात. लॅम्ब असेल तर सोबत पुदिन्याची आंबटगोड चटणी. ईस्टरच्या सणाला लॅम्ब हमखास. त्यातलं बरंच न्यूझीलंडहून येते. १८८२ मध्ये ‘डुनेडिन’ नावाचं जहाज गोठवलेलं मांस घेऊन न्यूझीलंडहून लंडनला पोचलं, तेव्हापासून हा व्यापार वाढला. अमेरिकेत मात्र लॅम्ब फार कमी खातात. तिथं बीफ, कोंबडी अन् डुकराचं मांस चालते.

आपल्या माणसाला धक्का बसतो तो रंगाचा. तिकडे लॅम्बचा सलग तुकडा आतून गुलाबी ठेवून वाढतात. ‘हे तं कच्चंच हाये’ असं वाटते. पण अख्ख्या तुकड्यात जंतू बहुधा वरच्या भागावर असतात अन् तो भाग कडक भाजलेला असतो, म्हणून ते चालते. खिम्याचं तसं नाही. दळताना वरचा भाग आत जातो, त्यामुळे खिमा पूर्ण शिजलेलाच पाहिजे. गुलाबी नको असेल तर ऑर्डर देतानाच ‘वेल डन’ सांगावं. यात कमीपणा नाही.

एका ताटात जेवणंही सगळीकडे सारखं नाही. काश्मिरी ‘वाझवान’मध्ये चार जण एका मोठ्या थाळीत जेवतात. तिला ‘त्रामी’ म्हणतात. आखातात भात-मटणाच्या मोठ्या परातीभोवती बसून हातानं खातात. गोऱ्यांकडे मात्र ज्याची त्याची प्लेट. दुसऱ्याच्या प्लेटमध्ये न विचारता हात घालणं तिथं वाईट दिसते.

आग्रह अन् बिल

वऱ्हाडी पाहुणचारात पहिलं ‘नाही’ कोणी मोजत नाही. ‘घ्या ना जी, एक भाकर काय होते’ म्हणत वाढतच राहतात. पाहुणाही दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा घेतो. परदेशात तसं नाही. एकदा ‘नको’ म्हटलं की भांडं पुढे सरकते. संकोचानं नाही म्हणणारा उपाशी उठतो. भूक असेल तर पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणावं. तसंच तिकडचा पाहुणा आपल्या घरी आला अन् नको म्हणाला, तर त्याच्या ताटात जबरदस्तीनं वाढू नये.

बिलाचंही तसंच. आपल्याकडे काउंटरवर ‘मी देतो, मी देतो’ म्हणून ओढाताण होते अन् ज्यानं बोलावलं त्यानं बिल द्यावं, असं मानतात. तिकडे मित्र जेवायला गेले की बहुतेक वेळा प्रत्येक जण आपापलं देतो. यात अपमान समजू नये. अमेरिकेत बिलावर १५ ते २० टक्के टिप देणं धरूनच चालतात, कारण वेटरचा पगार तिच्यावर अवलंबून असतो. जाताना तेवढा हिशेब खिशात ठेवावा.

हॉटेलात जाताना हे लक्षात ठेवा

• मटण बोकडाचं की मेंढीचं, हे ऑर्डर देण्याआधी विचारा. प्लेट किती जणांची अन् तुकडे किती, हेही विचारा.

• बिलावर ‘सर्व्हिस चार्ज’ लागला असेल तर तो देणं बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली अन् दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. जीएसटी हा सरकारी कर आहे, तो वेगळा.

• बिलावर हॉटेलचा अन्न परवाना क्रमांक असायला पाहिजे. ग्राहकाची तक्रार १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर करता येते.

• पॅकबंद पदार्थावर चौकोनात हिरवा गोल म्हणजे शाकाहारी. तपकिरी खूण म्हणजे मांसाहारी.

• सोबत माळकरी, शाकाहारी किंवा उपवासाचं माणूस असेल तर आधी विचारून जागा ठरवा. हलाल पाहणारा मित्र असेल तर हॉटेलवाल्याला तेही विचारून घ्या.

• घरच्या बाईला काय खायचं आहे, हेही विचारा. मेनू कार्ड बहुतेक वेळा पुरुषाच्याच हातात राहते.