पाळी सुटते, ताण घरी येतो

मागच्या वर्षावासात आम्ही निजामपुऱ्यातल्या आमच्या विहारात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम घेतला. वंदना झाली, पंचशील ग्रहण झाले, पाचव्या शीलावर दोन भाषणे झाली. मग आम्ही सर्वांच्या समोर एक बादली ठेवली आणि ज्यांच्या खिशात तंबाखूची पुडी असेल त्यांनी ती बादलीत टाकावी, असे आवाहन केले. अकरा जण उठले. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, संध्याकाळपर्यंत ते सगळ्या ग्रुपवर फिरले. पुढच्या रविवारी त्या अकरांपैकी तिघेच विहारात आले. बाकीचे समोरच्या गल्लीतून मान खाली घालून जाऊ लागले. त्यांच्यातल्या एका काकांचा मुलगा आमच्या अभ्यासिकेत दहावीचा अभ्यास करायचा, तोही यायचा बंद झाला.

आम्ही चिडलो. आपल्या लोकांना कितीही सांगा, काही उपयोग नाही, असे एकमेकांना म्हणूनही झाले. शेवटी मुलासाठी म्हणून आम्ही काकांच्या घरी गेलो. काका रागावले नव्हते, ओशाळले होते. चहा झाल्यावर हळूच म्हणाले, "तुम्ही पुडीचं विचारलंत पोरांनो, रात्रीचं कोणी विचारलं नाही."

रात्रीचे म्हणजे रातपाळीचे. तीस वर्षे काकांनी यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या. त्या दिवशी घरी परतताना आम्हाला पहिल्यांदा कळले की व्यसन, खाणे, झोप आणि घरातली भांडणे यांवर आम्ही वेगवेगळी व्याख्याने ठेवतो, पण घरात या गोष्टी वेगवेगळ्या राहत नाहीत. तेव्हापासून जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि वस्तीत बसून ऐकले, ते इथे मांडत आहोत.

भिवंडी हे देशातल्या सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. आमच्या महानगरपालिकेच्या नावातही निजामपूर आहे आणि या भागातल्या गल्ल्यांतून रात्री दोन वाजताही मागांची खडखड ऐकू येते. पाळी बारा तासांची, मजुरी कापडाच्या मीटरवर. एक माणूस चार, सहा, कधी आठ माग सांभाळतो. धागा तुटला, बीम संपला, वीज गेली की मीटर थांबतो आणि मीटर थांबला की मजुरी थांबते. या कशावरही त्या माणसाचा ताबा नसतो. 'टेन्शन साहेबलोकांना असते, मजुराला कसले,' असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. लंडनमधल्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून व्हाइटहॉल नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात उलटेच दिसले. हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा खालच्या श्रेणीतल्या नोकरांत कितीतरी जास्त होते. पुढच्या अभ्यासांत त्याचे एक कारण असे निघाले की आपल्या कामावर आपला ताबा जितका कमी, तितका शरीरावरचा भार जास्त.

हा भार कसा पडतो? धोका जाणवला की शरीर ॲड्रेनालीन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडते. हृदय जोरात चालते, रक्तात साखर येते, माणूस पळायला किंवा लढायला तयार होतो. साप दिसला तर हे उपयोगाचे. पण तीच तयारी रोज, वर्षानुवर्षे चालू राहिली तर रक्तदाब वाढतो, साखर वाढते, पोटावर चरबी साठते. त्यात झोप कमी. झोप तुटली की भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते आणि पोट भरल्याचे सांगणारे लेप्टिन घटते. रात्री तीन वाजता माणसाला भाजी-भाकरी नको असते, वडापाव आणि गोड चहा हवा असतो, त्यामागे हे आहे. जिभेचे चोचले म्हणून आपण त्याला नावे ठेवतो. रातपाळीच्या कामाला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले आहे.

तंबाखूचेही तसेच. बहुतेकांनी ती पहिल्यांदा तोंडात टाकली ती डोळा लागू नये म्हणून. चालत्या मागावर डुलकी लागली तर कापड बिघडते, बोटही जाते. निकोटीनने तरतरी येते, पण शरीराला सवय लागली की ते उतरताना बेचैनी सुरू होते आणि पुढची चिमूट ती बेचैनी घालवते. माणसाला वाटते तंबाखूने ताण गेला. खरे तर गेलेला बराचसा ताण तंबाखूनेच आणलेला असतो. दारूचाही हिशोब असाच. झोप पटकन येते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते आणि दुसऱ्या दिवशी माणूस आणखी थकलेला, आणखी चिडका उठतो.

मग आमची कर्करोगावरची भाषणे का लागू पडली नाहीत? २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची आकलनाची चाचणी पीक निघण्याआधी, हात तंग असताना घेतली आणि पैसे आल्यावर पुन्हा घेतली. माणसे तीच, पण पैसे हाती आल्यावर निकाल चांगला आला. बुद्धी कमी-जास्त झाली नव्हती, ती काळजीत अडकली होती. घरभाडे परवा द्यायचे असताना वीस वर्षांनी होणारा तोंडाचा कर्करोग मनात शिरत नाही. आम्ही नेमके पगार लांबलेल्या आठवड्यात तो समजावत होतो.

आता घराकडे येऊ. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९८० च्या दशकात जमिनींचे भाव कोसळले आणि शेतकरी कुटुंबे कर्जात बुडाली. रँड काँगर आणि ग्लेन एल्डर या अभ्यासकांनी तिथल्या साडेचारशे कुटुंबांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. त्यांना एक साखळी दिसली. पैशाची चणचण आधी आईवडिलांच्या मनावर उतरते, एक उदास होतो, दुसरा चिडचिडा. मग दोघांची भांडणे वाढतात. मग मुलांशी वागणे कठोर तरी होते किंवा बेफिकीर तरी, आणि त्यातून मुलाचा अभ्यास घसरतो, त्याचे मन खचते. पण जिथे नवरा-बायकोने अडचणीतही एकमेकांना धरून ठेवले, तिथे साखळीचा जोर कमी पडला. कुठे आयोवातली शेते आणि कुठे आमच्या दहा बाय बाराच्या खोल्या, पण वाचताना आम्हाला ओळखीची घरे आठवत होती.

आमच्या खोल्यांत बाप दिवसा झोपतो, म्हणून 'चूप बस' हा मुलांच्या कानावर पडणारा पहिला नियम. खेळ गल्लीत, अभ्यास जिन्यावर. आई सकाळी पाळीवरून आलेल्यासाठी एकदा आणि शाळेत जाणाऱ्यांसाठी एकदा, असा दोनदा स्वयंपाक करते, मधल्या वेळात कांडी भरते किंवा घरी आणलेल्या कपड्यांचे धागे कापते आणि सर्वांत शेवटी उरलेले खाते. तिची झोप दोन्ही पाळ्यांत मोडते. तिच्या मिश्रीच्या डबीबद्दल आमच्या कार्यक्रमात कोणी अवाक्षर काढले नाही, बादली फक्त पुरुषांसाठी होती. आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. माग खात्यातला आवाज बऱ्याच ठिकाणी ९० डेसिबलच्या वर असतो. वर्षानुवर्षे त्यात काम केले की कान जातात आणि कमी ऐकू येणारा माणूस मोठ्याने बोलतो. काका घरात ओरडतात असे मुलगा सांगायचा. त्यातले निम्मे ओरडणे रागाचे नव्हतेच.

निम्मे मात्र होते, हेही लपवायचे नाही. ताणामुळे राग येतो हे खरे आहे, त्यामुळे हात उचलणे माफ होत नाही. मुकादमासमोर हाच माणूस मूग गिळून बसतो, म्हणजे राग आवरता येतो. तो कुठे काढायचा हे माणूस निवडतो आणि आपल्याहून दुबळ्यावर काढतो. मारहाण होत असेल तर तिथे धीराचा उपदेश देऊ नये. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आणि १८१ हा महिला मदत क्रमांक आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे.

सर्वांत अवघड भाग पुढेच आहे. ताण संपला तरी त्याने लावलेली घडी मोडत नाही. २०१६ ची नोटबंदी आणि त्यानंतरचा जीएसटी यांत भिवंडीतले कितीतरी माग किलोच्या भावाने भंगारात गेले. काकांचा कारखानाही बंद पडला. आता ते एका गोदामावर दिवसपाळीला आहेत. रात्र मोकळी आहे, पण तीन वाजता डोळा उघडतो आणि हात उशाखालच्या पुडीकडे जातो. मुलगा परीक्षेच्या दिवसांत रात्री जागायला चहा आणि पुडी घ्यायला लागला होता, हे आम्हाला त्या भेटीत समजले. जागायचे असेल तर हे घ्यायचे, एवढे तो कोणी न शिकवता घरातच शिकला होता.

लंडनच्या एका विद्यापीठात फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवसांचा अंदाज निघाला. सवय जागेला आणि वेळेला चिकटते. टाळ्यांच्या गजरात घेतलेली शपथ रात्री तीन वाजता शेजारी नसते.

इथे धम्माचे काय, असे कोणी विचारेल. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात दारूचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत, ते आम्ही प्रत्येक भाषणात सांगतो. त्याच सुत्तात मालकाने कामगाराशी कसे वागावे तेही आहे: ताकद पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी. हा भाग आमच्या विहारात आम्ही एकदाही ऐकलेला नाही. दोष आमचाच, कारण वक्ते आम्हीच होतो. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या गरीब शेतकऱ्याची गोष्ट येते. हरवलेला बैल शोधून तो दमून-भुकेला आला, तेव्हा तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मग उपदेश केला.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले ते १९४६ च्या दुरुस्तीने. बारा तासांची पाळी सहा दिवस केली तर ७२ होतात, हिशोब प्रत्येकाने करावा. कामगारांची संख्या ठरावीक आकड्याच्या खाली राहिली की कारखान्यांचा कायदा लागत नाही, म्हणून एकाच छताखालचे माग निरनिराळ्या नावांवर वाटलेले असतात. व्यसनमुक्तीच्या मंचावर हा विषय 'राजकीय' म्हणून टाळला जातो. आमच्या मते आरोग्याचा पहिला विषय तोच आहे. आणि एक आपल्यापुरते: दर एप्रिलमध्ये आपण १८ तास अभ्यासाचा उपक्रम घेतो, त्याचा अभिमान आहेच. पण मधुमेह आणि पायांच्या वेदनांनी बाबासाहेबांना किती ग्रासले होते, हेही त्याच मुलांना सांगायला हवे. न झोपणे म्हणजे निष्ठा, असे कार्यकर्त्यांनी तरी मानू नये.

आम्ही काय बदलले? फार काही नाही. बादली काढली. बैठक पगाराच्या दिवशी संध्याकाळी ठेवली, कारण त्याच संध्याकाळी पाय दारूच्या दुकानाकडे वळतात. बैठकीत उपदेश नसतो, चहा-पोहे असतात, आधी दहा मिनिटे आनापान आणि मग ज्याला बोलायचे तो बोलतो. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिराला जा असे आम्ही पूर्वी सहज सांगायचो. दहा दिवसांची मजुरी बुडते, हे सांगणाऱ्याला कधी सोसावे लागले नव्हते. तंबाखू सोडायची असेल त्याच्यासोबत बसून १८००-११२-३५६ या मोफत क्रमांकावर फोन लावतो. मन फारच खचले असेल, झोप येत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक देतो. तिथे मराठीतही बोलता येते. साखर, रक्तदाब आणि कान तपासायला इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात एकेकट्याला न पाठवता चार-पाच जण मिळून जातो, एकटा माणूस रांग पाहून परत येतो.

महिलांची बैठक वेगळी आहे आणि ती दुपारी असते. तिच्यात ताईंनी स्वतःच एक गोष्ट ठरवली: पाळीवरून माणूस आला की पहिली वीस मिनिटे पैशाचा, मुलांच्या तक्रारीचा विषय काढायचा नाही. एका ताईंनी लगेच विचारले, "आणि आमची वीस मिनिटं कोण देणार?" तो प्रश्न आम्ही पुरुषांच्या बैठकीत नेला. तिथे बराच वेळ कोणी बोलले नाही, मग एकाने सकाळचे पाणी मी भरीन असे सांगितले. सध्या तिघे भरतात.

अकरांपैकी सात जण आता येतात. दोघांची तंबाखू सुटली आहे, एकाची सुटून पुन्हा लागली. काकांची सुटलेली नाही, पण उजवा कान बराच गेला आहे हे तपासणीत निघाले आणि ते त्यांनी घरात सगळ्यांना सांगितले. मुलगा अभ्यासिकेत परत आला आहे. रात्री दहाला आम्ही दिवा बंद करतो आणि त्याला घरी झोपायला पाठवतो, त्यावरून रोज वाद होतो.