नंतर-वाचा ॲप

नंतर-वाचा ॲप म्हणजे महाजालावरील लेख साठवून ते पुढे सवडीने, शक्यतो इंटरनेट जोडणीशिवाय, वाचण्याची सोय करून देणारे उपयोजन होय. इन्स्टापेपर, वालाबॅग आणि रीडवाइज रीडर ही त्याची काही उदाहरणे. या प्रकारातील पॉकेट ही सर्वपरिचित सेवा २०२५ मध्ये बंद झाली.

कार्यपद्धती
न्याहाळकातील वाचनखूण केवळ पृष्ठाचा पत्ता जपते. मूळ पृष्ठ काढून टाकले गेले की ती निरुपयोगी ठरते. नंतर-वाचा ॲप त्या पृष्ठातील जाहिराती, याद्या व अन्य दुवे वगळून मुख्य मजकूर वेगळा काढते आणि त्याची प्रत उपकरणावर उतरवते. लांबच्या नित्य प्रवासात ही सोय विशेष उपयोगी पडते. उदाहरणार्थ, पालघर जिल्ह्यातील विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० कि.मी. असून जलद लोकलनेही एक तासाहून अधिक वेळ लागतो. घरी उतरवून घेतलेले लेख या वेळात जोडणी खंडित झाली तरी वाचता येतात.

इतिहास
नेट वायनर यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या 'रीड इट लेटर' या सेवेचे २०१२ मध्ये 'पॉकेट' असे नामांतर झाले. मार्को आर्मेंट यांचे इन्स्टापेपर २००८ मध्ये आले. २०१७ मध्ये मोझिला संस्थेने पॉकेट विकत घेतले आणि ८ जुलै २०२५ रोजी ते बंद केले. वाचकांना आपली यादी उतरवून घेण्यास मुदत देण्यात आली. मात्र त्या यादीत शीर्षके, पत्ते व खुणा होत्या, लेखांचा मजकूर नव्हता. ज्या लेखांची मूळ पृष्ठे आधीच नाहीशी झाली होती, त्यांचा केवळ पत्ता वाचकाच्या हाती उरला. ऑम्निव्होर ही सेवाही २०२४ च्या अखेरीस बंद झाली.

मराठी मजकूर
मराठी वाचकाने काही बाबी स्वतंत्रपणे तपासणे इष्ट असते. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःचे टंक वापरीत. अशा पृष्ठांची प्रत साठवल्यास देवनागरीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. लेखाची भाषा मराठी म्हणून नोंदलेली नसल्यास मोठ्याने वाचून दाखवणारी सुविधा तो हिंदी उच्चारांत वाचू शकते. मायबोली (१९९६) व मिसळपाव (२००७) यांसारख्या संकेतस्थळांवर लेखाखालील प्रतिसादही वाचनीय असतात. मुख्य मजकूर वेगळा काढताना ते गळण्याची शक्यता असते. जोडाक्षरे नीट दिसतात का आणि देवनागरी शब्दाने शोध घेता येतो का, हेही पाहावे लागते.

निवडीचे निकष
ॲप निवडताना पुढील बाबी विचारात घेतल्या जातात:
• प्रत कोठे राहते: उपकरणावर, की केवळ सेवेच्या सर्व्हरवर.
• निर्यात: पत्त्यांसह संपूर्ण मजकूरही बाहेर काढता येतो का.
• मालकी: वालाबॅग हे मुक्तस्रोत असून ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते, मात्र त्यासाठी तांत्रिक ज्ञान लागते.
• खर्च: कोणत्या सुविधा विनामूल्य आहेत व कोणत्यांसाठी वर्गणी आहे.
• खासगीपणा: वाचनाची नोंद कोणाकडे जाते.
एकच मराठी लेख दोन-तीन ॲपमध्ये साठवून, जोडणी बंद करून उघडून पाहिल्यास यांतील बऱ्याच बाबी स्पष्ट होतात.

मर्यादा
सदस्यांपुरती खुली असलेली पृष्ठे सर्वच ॲपना पूर्णपणे साठवता येत नाहीत. स्वतःच्या वाचनासाठी ठेवलेली प्रत प्रसारित करण्याचा अधिकार वाचकास मिळत नाही. प्रताधिकार लेखकाचा वा प्रकाशकाचा राहतो. कोणतीही सेवा कायमची टिकेल याची शाश्वती नसल्याने संशोधनास वा अभ्यासास आवश्यक लेखांची पीडीएफ प्रत स्वतंत्र ठेवणे, तसेच इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या पृष्ठाची नोंद करणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय.