डाव्या बाजूची फसवी फट

सकाळचे साडेनऊ. चौकातला सिग्नल लाल. सर्वांत पुढे एक लांबलचक कंटेनर उभा आहे. त्याचा डावा इंडिकेटर लुकलुकतो आहे, पण तोंड किंचित उजवीकडे आहे आणि डाव्या अंगाला, फुटपाथला लागून, स्कूटर सहज मावेल एवढी जागा मोकळी आहे. ऑफिसच्या घाईतला एक स्कूटरस्वार त्या फटीतून पुढे येतो आणि केबिनच्या शेजारी थांबतो. सिग्नल हिरवा होतो. कंटेनर डावीकडे वळू लागतो. वेग माणसाच्या चालण्यापेक्षा थोडासाच जास्त. पण स्कूटर आणि फुटपाथ यांच्यातले अंतर बघता बघता संपते.

अशा घटनेची बातमी ‘ट्रकने चिरडले’ अशी येते. चालकाचा बेदरकारपणा पुष्कळदा असतोही. पण असेही पुष्कळदा घडते, की शेजारी कुणी उभे आहे हे चालकाला कळलेलेच नसते.

आपल्याकडे चालक उजवीकडे आणि जमिनीपासून बराच उंच बसतो. त्यामुळे केबिनच्या डाव्या दाराखालचा भाग, पुढच्या बंपरला लागून असलेला पट्टा आणि ट्रकची संपूर्ण मागची बाजू त्याच्या नजरेआड राहते. यातली डावी बाजू सर्वांत मोठी आणि सर्वांत घातक. पूर्वी त्या बाजूला क्लीनर बसे आणि दारावर हात आपटून आवाज देई. आता अनेक ट्रकांवर चालक एकटाच असतो. आरसे असतात, पण बहिर्गोल आरशात मागचे वाहन छोटे आणि आहे त्यापेक्षा दूर दिसते. शिवाय लहान आकाराची वस्तू जवळ यायला अजून वेळ आहे, असा मानवी मेंदूचा नेहमीचा गैरसमज होतो. दुचाकी दिसली तरी तिचा अंदाज चुकतो, तो यामुळे.

दुसरे कारण वळणाच्या भूमितीत आहे. लांब वाहन वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतल्या बाजूने, कोपरा कापत जातात. हे ठाऊक असल्यामुळेच चालक डावीकडे वळण्याआधी तोंड थोडे उजवीकडे काढतो. डावीकडची जागा मोकळी दिसते ती त्यामुळे. प्रत्यक्षात ती जागा मागच्या चाकांसाठी राखलेली असते.

तिसरा मुद्दा वजनाचा. तीन आसांचा भरलेला ट्रक सुमारे २८ टनांचा असतो. स्कूटर आणि स्वार मिळून फार तर २०० किलो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला साधारण १७ मीटर अंतर कापते. समोर अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तरी २५ मीटर संपलेले असतात. त्यानंतर भरलेला ट्रक प्रत्यक्ष थांबायला आणखी ३० ते ४० मीटर लागतात. रस्ता ओला किंवा उताराचा असेल तर त्याहून जास्त. लांब उतारावर सतत ब्रेक दाबले की ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडली, तर सगळा भार या तापलेल्या ब्रेकवरच येतो. पुण्यात कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली होती. अशा उतारावर ट्रकच्या पुढे घुसून अचानक ब्रेक दाबणे म्हणजे जीव त्या ब्रेकच्या हवाली करणे.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतील ७४,८९७, म्हणजे दर नऊजणांत चार, दुचाकीवरची होती. हेल्मेट डोके वाचवते आणि ते घातलेच पाहिजे. पण चाक कमरेवरून किंवा मांडीवरून गेले, तर हेल्मेटचा तिथे इलाज नाही. कमरेच्या हाडांचे कडे, म्हणजे पेल्व्हिस, मोडले की आतल्या रक्तवाहिन्या फाटतात. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातले दोन लिटर किंवा अधिक पोटाच्या तळाशी साचू शकते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. जखमी शुद्धीवर असतो, बोलतो, ‘मला काही झालं नाही’ असेही म्हणतो. तेवढ्यात अंग गार पडते, घाम फुटतो, नाडी जलद आणि क्षीण होते. बघ्यांना ही घबराट वाटते. खरे तर तो रक्तस्रावाचा इशारा असतो.

अशा वेळी आधी मागून येणारी वाहतूक थांबवावी आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. जखमीला उठवून बसवू नये, चालवू नये, हातापायांना धरून रिक्षात कोंबू नये; मोडलेले कडे हलले की रक्तस्राव वाढतो. चाकाखाली अडकलेल्या माणसाला ओढून काढू नये. वाहते रक्त दिसत असेल तर स्वच्छ कापडाने जोरात दाबून धरावे आणि मदत येईपर्यंत दाब सोडू नये. पाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते आणि पुढे शस्त्रक्रियेसाठी भूल देताना धोका वाढतो. अंगावर चादर घालून ऊब द्यावी. पोलिसांच्या चौकशीची भीती बाळगू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे; त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

ही वेळच येऊ नये म्हणून पाळायच्या गोष्टी मोजक्या आहेत. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही असे धरून चालावे. वळणाऱ्या अवजड वाहनाच्या डावीकडून कधीही पुढे जाऊ नये. सिग्नलला त्याच्या मागे, थोडे अंतर राखून थांबावे. ओलांडायचे तर उजवीकडून, पुढचा रस्ता स्वच्छ दिसत असतानाच ओलांडावे आणि त्याच्या बाजूला रेंगाळू नये. खड्ड्यात चाक घसरले तर पडायला सुरक्षित जागा उरत नाही. पुढे गेल्यावर लगेच त्याच्या समोर येऊ नये. रात्री महामार्गाच्या कडेला दिव्यांविना उभे असलेले ट्रक आणि गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अगदी जवळ गेल्यावरच दिसतात; म्हणून हेडलाइटच्या उजेडात जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल, इतकाच वेग ठेवावा.

वळणारा कंटेनर चौकातून पूर्ण निघून जायला दहा-पंधरा सेकंद लागतात. मोडलेले पेल्व्हिस जुळून माणूस पुन्हा आधाराविना चालायला कित्येक महिने लागतात, तेही तो वेळेत रुग्णालयात पोहोचला तर.